सहा पॉइंट पंचाहत्तर

चार शब्द मी बावीस वर्षं पोरांकडून घोकून घेतले. झाका, गुणा, मोजा, टाका. दशांश अपूर्णांकांचा गुणाकार आला की पॉइंट झाकायचा, साध्या संख्या समजून गुणायचं, दोन्ही संख्यांत पॉइंटच्या पुढं मिळून किती घरं आहेत ती मोजायची आणि उत्तरात उजवीकडून तेवढी घरं सोडून पॉइंट टाकायचा. सहावीचा वर्ग हे एका सुरात म्हणू लागला की शेजारच्या वर्गातले गुरुजी उठून दार लावून घ्यायचे. मला त्याचं काही वाटत नसे. उलट बरंच वाटायचं, आपल्या वर्गाचा आवाज शाळाभर जातो म्हणून.

आमची शाळा पैठण रस्त्यावर, चितेगाव मागं पडलं की थोडं पुढं जाऊन आत वळायचं तिथं. मी राहते शहरात, उस्मानपुऱ्यात. सकाळची एसटी चुकली की कंपनीत निघालेल्या पोरांबरोबर रिक्षात अंग चोरून बसायचं. इतक्या लांबून जायचं, वर्गात साठ पोरं, आणि परीक्षेच्या आत पुस्तक संपवायचं. त्यात मी मुळात तापट. माझ्या नवऱ्याला हे कळायला महिना लागला, पोरांना पहिला तास पुरायचा. वर्गात कुणी "कामून?" म्हटलं की माझं डोकं फिरायचं. आमच्याकडं 'का'ला 'कामून' म्हणतात. पाढे चुकलेले मला चालायचे, पण हा प्रश्न चालायचा नाही, कारण त्याला वेळ लागतो. "कामून ते मोठं झाल्यावर कळेल," मी म्हणायची, "आधी उत्तर काढ." उत्तर यायचं, आणि उत्तर आलं की माझ्यापुरता विषय संपायचा.

त्या काळात माझ्या वर्गात एक पोर होती. दुसऱ्या बाकावर, खिडकीच्या कडेला, लाल फितींच्या दोन वेण्या. हिच्यासारखी दशांशाची गणितं करणारी पोर मला पुन्हा मिळाली नाही. तपासणीला साहेब आले की मी डोळे झाकून तिलाच फळ्यावर काढायची. एकदा साहेबांनी चार पॉइंट पंचवीस गुणिले शून्य पॉइंट सहा असं गणित घातलं. ते खडू ठेवून हात झटकतायत तोवर हिनं दोन पॉइंट पंचावन्न लिहून खाली रेघसुद्धा मारली. साहेब म्हणाले, "सहा पंचे तीस, मग तिसाचं शून्य कुठं गेलं?" ती म्हणाली, "फुकटचं व्हतं सर, उडवलं." साहेब खळखळून हसले. 'शेवटचं शून्य फुकटचं' हे माझंच वाक्य होतं. त्या दिवशी मी घरी जाताना पेढे घेऊन गेले.

पुढं ती दहावी झाली, बारावीही झाली, आणि गावातल्याच एका मुलाशी तिचं लग्न झालं. तो चितेगावच्या एका कारखान्यात पाळीनं कामाला जातो. ती शाळेच्या मागच्या गल्लीत राहायला आली. येता-जाता दिसली की डोक्यावरचा पदर सावरून "बाई" म्हणून हाक मारायची, आणि मी जवळ असलेल्या नव्या शिक्षिकांना सांगायची, "ही बघा, माझी विद्यार्थिनी." तिला मुलगी झाली तेव्हा मी झबलं-टोपरं घेऊन ठेवलं. ते कपाटात पडून राहिलं. शेवटी मुलगी दहा महिन्यांची झाल्यावर, एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर, मी ते घेऊन तिच्या घरी गेले. झबलं लहान होणार हे मला वाटेतच कळत होतं.

झबलं लहान झालं नाही. तिनं हौसेनं लगेच घालून पाहिलं, तर ते बाळाच्या अंगावर व्यवस्थित बसलं. मला तेव्हाच काहीतरी खटकलं, पण मी ते मनावर घेतलं नाही.

तिची सासू दाराशी बसून मेथी निवडत होती. ही बाई कधी शाळेत गेली नाही. आठवडी बाजारात तराजू घेऊन भाजी विकण्यात तिचं आयुष्य गेलं. घरात गल्लीतल्या आणखी तिघी बायका होत्या, तिघींच्या हातात अंगणवाडीतली बाळाच्या वजनाची कार्डं. मला वाटलं, काही कार्यक्रम आहे की काय. सासू कौतुकानं म्हणाली, "समद्या हिच्याकडंच येत्यात वाचून घ्यायला. गणितात हुशार हाय ना. तुमचीच पोरगी."

मग मला सगळं सांगण्यात आलं. गावातली अंगणवाडीची ताई स्वतःच बाळंतपणाच्या रजेवर गेली होती. दुसऱ्या गावची ताई महिन्यातून एकदा येऊन दोन्हीकडचं सांभाळत होती. ती बिचारी वजन करायची, आकडा लिहायची आणि पुढच्या गावाला पळायची. कार्डाच्या मागचा हिरव्या-पिवळ्या-लाल पट्ट्यांचा तक्ता भरायचा तसाच राहिला होता. मग बायकांनी वजन वाढलं की घटलं ते विचारायचं कुणाला? हिला. ही कार्ड हातात घ्यायची, मागचा आकडा, पुढचा आकडा बघायची आणि सांगायची, "वाढलं." बायका निर्धास्त होऊन घरी जायच्या.

"आमचं बघा बाई," म्हणून तिनं तिच्या लेकीचं कार्ड माझ्या हातात दिलं. "झोळीचा काटा व्हता तवा लई हळू वाढायचं. आकड्याचं मशीन आलं आन् एकदम उडी मारली."

मी वाचलं. सातव्या महिन्यात सहा पॉइंट आठ. आठव्यात सहा पॉइंट नऊ. तिथपर्यंत जुना काटा होता, तो पॉइंटच्या पुढं एकच घर दाखवायचा. नववा महिना, नवं मशीन, दोन घरं: सहा पॉइंट पंचाहत्तर. दहावा महिना: सहा पॉइंट अठ्ठ्याहत्तर.

ती बोटानं आकडे दाखवत होती. आठ, नऊ, पंचाहत्तर, अठ्ठ्याहत्तर. चेहऱ्यावर तोच फळ्यापाशी उभं राहिल्यावरचा भाव, शाबासकीची वाट बघणारा. मी खोटं सांगणार नाही. पहिला विचार माझ्या मनात आला तो असा की या बायकांसमोर कशाला, सोमवारी शाळेत बोलावून एकटीला सांगू. तिचा पाणउतारा नको, असं मी स्वतःला म्हणाले. खरं तर मला माझा पाणउतारा नको होता. बाळ तिच्या कडेवर नुसतं मान टाकून बसलं होतं. नव्या माणसाला पाहून दहा महिन्यांचं पोर रडतं नाहीतर चष्म्याला हात घालतं. या बाळानं दोन्हींतलं काहीच केलं नाही.

"अगं, वजन घटलंय," मी म्हणाले.

"कुठं घटलंय?"

"नऊनंतर शून्य लावून बघ."

शून्य लावायचं म्हटल्यावर तिला एक क्षणही लागला नाही. "सहा पॉइंट नव्वद. आन् हे सहा पॉइंट पंचाहत्तर. कमी हाय," ती म्हणाली. नियम तोंडपाठ, उत्तर बरोबर. पण चेहरा कोरा. ती कार्डाकडं बघत राहिली आणि मग म्हणाली, "पण बाई, शून्य तर आपण लावलं. मशीननं कुठं लावलं? शून्य तर फुकटचं असतंय. मंग त्यानं वजन कसं काय बदललं?"

एका किलोचे दहा भाग म्हणजे काय, त्या एका भागाचे पुन्हा दहा भाग म्हणजे काय, नऊ हे नऊ कशाचे आणि पंचाहत्तर हे पंचाहत्तर कशाचे, हे मला येत होतं. पण तिच्याशी या भाषेत मी कधी बोललेच नव्हते, मग त्या दोन मिनिटांत कुठून बोलणार? मी पुन्हा नियमच सांगायला लागले, "घरं सारखी करायची असतात," आणि ऐकताना माझं मलाच ते पोकळ वाटलं.

सासूनं मेथीची जुडी खाली ठेवली. "आकडा काय हाय त्यो? मला आपल्या बोलीत सांगा."

"पावणेसात किलो," मी म्हणाले.

"आन् आधी?"

"सातला शंभर ग्रॅम कमी."

"पावणेसात म्हंजी सातला पाव कमी. अडीचशे ग्राम. आन् आधी शंभरच कमी व्हतं." ती सुनेकडं वळली. "दीडशे ग्राम घटलं की गं लेकरू."

ही बाई अंगठा उठवते. तिच्या डोक्यात एवढा हिशेब व्हायला मेथीचं एक पान खुडण्याइतकाही वेळ लागला नाही. आणि मग ती जे बोलली ते मी विसरू शकत नाही. "महिना झाला मी म्हणू लागले, लेकरू हातात हलकं लागतंय. जन्म गेला माहा वजनं उचलण्यात. पण हिनं कार्ड दाखवलं. म्हटलं, शिकलेली हाय, हिला जास्त कळतं."

सुनेनं बाळ सासूच्या मांडीवर दिलं आणि त्या तिघींची कार्डं मागून घेतली. आता ती पॉइंट, शून्य काही बोलत नव्हती. "सव्वासात. साडेसाताच्या आत," असं पुटपुटत एकेक आकडा बघत होती. दोघींची ठीक होती. तिसरीला तिनं सांगितलं, "तुमचं बी घटलंय, काकू. मी चुकीचं सांगितलं व्हतं." मग चपला घालून ती गल्लीत गेली, उरलेल्या बायकांना शोधायला. किती जणींची कार्डं तिनं वाचली होती ते तिलाच माहीत. मी तिच्या दारात एकटी बसून राहिले आणि सासूनं मला चहा दिला.

सोमवारी मी रजा टाकली आणि तिला, बाळाला आणि त्या तिसऱ्या बाईला घेऊन शहरातल्या सरकारी दवाखान्यात गेले. नुसतं "जाऊन ये" म्हणायला मला तोंड नव्हतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बाळाला उलटंसुलटं करून पाहिलं, कातडी चिमटीत धरून सोडली, खायला काय देता ते विचारलं. दात येतायत म्हणून जुलाब होतायत असं समजून घरच्यांनी दुर्लक्ष केलं होतं, आणि पोट बिघडेल म्हणून जेवण नुसत्या डाळीच्या पाण्यावर आणलं होतं. वजन तर वाढतंच आहे, मग काळजी कसली, असं सगळ्यांना वाटलं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. कार्ड बघून त्या एवढंच म्हणाल्या, "हे मागच्या महिन्यातच दिसायला हवं होतं. आता पुढचा महिना काय म्हणतोय बघू." औषध दिलं, दाट खिचडी, तेल-तूप, अंडं चालत असेल तर अंडं, सगळं लिहून दिलं. तिनं ते घडी घालून कार्डात ठेवलं.

परतीच्या एसटीत आम्हाला मागची सीट मिळाली. बाळ झोपलं होतं. चितेगाव आलं तेव्हा ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "बाई, मी तवा विचारलं व्हतं तुमाला."

"काय विचारलं होतंस?"

"पॉइंट पाच गुणिले पॉइंट पाच. उत्तर पॉइंट पंचवीस आलं. मी म्हटलं, बाई, पॉइंट पाचपेक्षा पॉइंट पंचवीस मोठं व्हय? तुमी म्हटलं, घरं मोजलीस ना? बरोबर आहे. बस खाली."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. जुनी गोष्ट आठवली म्हणून सांगावी तसं तिनं सांगितलं. मला तो दिवस आठवत नाही. मी खूप प्रयत्न केला, त्या रात्री आणि नंतरही, पण आठवत नाही. साहेबांची तपासणी आठवते, पेढे आठवतात, तिच्या वेण्यांच्या फिती आठवतात, पण हा प्रश्न आठवत नाही. तिनं मात्र तो इतकी वर्षं सांभाळून ठेवला. सहावीतल्या पोरीनं नेमक्या जागी बोट ठेवलं होतं, आणि तिथून मी तिला बाकावर बसवलं. मला लाज वाटली. अजून वाटते.

त्यानंतर वर्गात मी ते चार शब्द बंद केले. कागदाच्या लांब पट्ट्या कापून आणल्या, पोरांना एका पट्टीचे दहा भाग करायला लावले, मग त्यातल्या एका भागाचे पुन्हा दहा. त्या बारक्या तुकड्यांनी वर्गभर कचरा झाला. पाव, अर्धा, पाऊण यांपासून सुरुवात केली. पोरं गोंधळली, कारण मागच्या इयत्तेत त्यांना घरं मोजायला कुणीतरी शिकवलंच होतं. "बाई, शून्य लावून पटकन सांगू का?" असं विचारतात. मी म्हणते, सांग, पण मग दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून दाखव. एका गुणाकाराला पूर्ण तास जातो. मुख्याध्यापक परवा म्हणाले, "बाई, निवृत्तीला वर्ष राहिलं, आता कशाला हा उपद्व्याप?" माझा पारा चढला, पण मी गप्प बसले. त्यांना काय सांगणार होते? अर्ध्याचं अर्धं म्हणजे पाव, म्हणून पॉइंट पाच गुणिले पॉइंट पाच केलं की उत्तर लहान येतं, हे सांगायला मला पट्टी दुमडण्यापुरता वेळ लागतो. तो मी बावीस वर्षं दिला नाही.

पुढच्या महिन्यात वजनाचा दिवस आला. मधल्या सुटीत मी हाताचा खडू तसाच घेऊन अंगणवाडीत गेले. बायकांची गर्दी होती. तिनं बाळाला मशीनवर ठेवलं. आता त्याच्या पायांत थोडा जोर दिसत होता, ते मशीनच्या कडेला धरून उठू पाहत होतं, त्यामुळं आकडे वरखाली होत होते. सासूनं दोन्ही हात धरून त्याला बसवलं. आकडा ठरला. सहा, पॉइंट, नऊ, शून्य.

"नव्वद झालं की!" मागून एक बाई आनंदानं म्हणाली. आणखी दोघीतिघी "नव्वद, नव्वद" म्हणू लागल्या. कुणीतरी तिच्या पाठीवर थाप मारली.

"नव्वद नाय," ती म्हणाली. तिनं बाळ उचललं, ताईकडून कार्ड घेतलं आणि बोट मागं नेत आठव्या महिन्याच्या चौकटीवर ठेवलं. "नऊच हाय ते. शून्यानं काय वाढत नाय. तीन महिन्याखाली व्हतं तेवढंच."

तिनं माझ्याकडं पाहिलं.

"बरोबर हाय ना, बाई?"

"बरोबर आहे," मी म्हणाले.